हलक्या बोनेटची पक्की बांधणी

वरळी सी-फेसलगतच्या खाऱ्या वाऱ्यापुढे जुन्या मोटारीच्या पत्र्याचा टिकाव लागणे कठीण. एकेकाळी मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड आणि तिच्याच सांगाड्यावरून १९६२ साली इंग्लंडात अवतरलेली ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्ही मोटारींचे बोनेट मडगार्डांसह अखंड असून ते पुढच्या बाजूला कलते. गंजलेल्या पत्र्याऐवजी फायबरग्लासचा अखंड भाग बसवला, की गंजाची चिंता मिटते. पण बांधणीची सुरू होते.

पत्रा ताण आला तर वाकतो, फायबरग्लास मात्र तडकतो. त्यामुळे बिजागरी किंवा कडी केवळ दोन बोल्टांवर आवळणे घातक ठरते. तेथे आतून फायबरचे जादा थर चढवून रुंद धातूची पट्टी बसवावी आणि भोकाच्या कडा रेझिनने बंद कराव्यात. भार पसरला पाहिजे, हे यातले खरे मर्म. होड्यांची डागडुजी करणाऱ्या कारागिराला ते वेगळे सांगावे लागत नाही!

वेगात रेडिएटरवाटे आत शिरलेली हवा हलके बोनेट उचलू पाहते. २००९ मध्ये खुल्या झालेल्या सागरी सेतूवर आडवा वाराही असतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या मूळ कड्यांखेरीज मागच्या कडेला दोन खिळपिना आणि जोडीला सुरक्षापट्टा असावा. बिजागऱ्या काढून पूर्ण सुटे होणारे बोनेट बसवले असल्यास पुढेही पिना हव्यातच. टेकण्याच्या जागी रबर लावावे. मात्र कड्या अतिरेकाने आवळू नयेत. रबर किंचित दबले की पुरे.