गोचिडांचा बंदोबस्त

१८७२ साली श्रीधूतपापेश्वराचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना ज्या पनवेलात स्थापन झाला, तेथील गृहस्थाची वनौषधींवर श्रद्धा असणे स्वाभाविकच होय. तथापि कुत्र्याच्या अंगावर कडुनिंबाचा काढा ओतला म्हणजे गोचिडांचा बंदोबस्त झाला, ही समजूत घातक आहे. कारण रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावरास सोडून भिंतीच्या भेगेत शिरते व तेथे हजारो अंडी घालते. पिसवांची अंडी, अळ्या व कोशही बहुतांशी अंथरुणात आणि फरशीच्या सांध्यांतच असतात. म्हणून, विशेषतः पावसाळ्याच्या दमट दिवसांत, अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यातून काढणे, भेगा बुजविणे, बारीक दातांच्या फणीने निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडविणे आणि गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ उपटणे, यांत हयगय होता कामा नये. इतर घरगुती उपायही धोक्याचे आहेत: लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो, सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांस भयंकर इजा करते, आणि मांजर तर अंगास लावलेली सुगंधी तेले चाटून विषबाधेने दगावू शकते. कुत्र्याने अन्न टाकले, ताप चढला वा हिरड्या फिकट पडल्या, तर तो गोचीडताप असण्याचा संभव असल्याने त्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.