पॉवर टिलरचे गिअर तेल घरच्या घरी बदलताना

पेण आणि रोहा या तालुक्यांत भात हे मुख्य पीक आहे. पावसाळा सुमारे ३,००० मिलिमीटरचा. त्यामुळे चिखलणी व लावणी आषाढातील थोड्याच दिवसांत उरकावी लागते. रोहा तालुक्यात डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांचे पाणी जेथे मिळते, तेथे उन्हाळी भातही होते. १९६० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने आपल्या देशात पॉवर टिलर तयार होऊ लागले. आज अनेक खाचरांत बैलजोडीचे काम हेच यंत्र करते. ऐन लावणीत ते बंद पडले, तर राबातील रोपे जून होतात आणि उत्पन्न घटते. यंत्र बंद पडण्याच्या कारणांपैकी एक अगदी साधे असते. ते म्हणजे गिअर बॉक्समधील खराब झालेले तेल.

तेल का बिघडते?

चिखलणीच्या वेळी टिलरची चाके व रोटरी पाण्यात फिरतात. आसाभोवतीचे ऑइल सील झिजले, की तेथून चिखलपाणी आत शिरते व तेल दुधासारखे पांढुरके होते. अशा तेलाचे वंगण राहत नाही. दाते व बेअरिंगे घासू लागतात. पेणच्या खारेपाटात पाण्याला खारटपणा असतो, त्यामुळे गंज अधिक लवकर चढतो. म्हणून चिखलणीचा हंगाम संपताच तेल तपासावे. पांढुरके दिसल्यास ते पुढील हंगामापर्यंत तसेच ठेवू नये. एरवी यंत्राच्या पुस्तिकेत जितक्या तासांनी सांगितले असेल, तितक्या तासांनी ते बदलावे. तेलाचा प्रकार व माप प्रत्येक यंत्राचे निराळे असते. तेही पुस्तिकेत पाहूनच घ्यावे. रोटरीच्या साखळीपेटीत तेल वेगळे असते, त्याचा विसर पडू नये.

पूर्वतयारी

जागा सपाट, छपराखालची आणि विहीर, गावतळे व गोठा यांपासून दूर असावी. जमिनीवर जुनी ताडपत्री अंथरावी व तिच्यावर भातगिरणीतील तुसाचा बोटभर थर द्यावा. पेंढा घालू नये. तो तेल नीट शोषत नाही आणि पाय घसरतो.

तेल धरण्यासाठी, यंत्रातील तेलाच्या दीडपट तरी मावेल असा प्लॅस्टिकचा जुना डबा घ्यावा. त्याचे झाकण घट्ट लावून तो आडवा ठेवावा आणि वर आलेल्या बाजूस मोठा चौकोन कापावा. तेल या तोंडातून डब्यात पडते. पुढे डब्याचेच झाकण काढून ते न सांडता दुसऱ्या भांड्यात ओतता येते. कीटकनाशकाचा किंवा स्वयंपाकघरातील डबा यासाठी घेऊ नये. बुचाच्या मापाचा रिंग पाना, नवे वॉशर, नळी लावलेले नरसाळे, चिंध्या व रबरी हातमोजे जवळ ठेवावेत.

तेल काढण्याची रीत

यंत्र दहा मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल पातळ होते व तळाचा गाळही बरोबर घेऊन येते. तेल हाताला पोळेल इतके तापू देऊ नये.

प्रथम भरणीचे वरचे बूच सैल होते की नाही, ते पाहावे. तळाचे बूच आधी काढले आणि वरचे अडकून बसले, तर रिकामे यंत्र जागेवरून हलवता येत नाही.

नंतर तळाचे बूच पान्याने सैल करून पुढे बोटांनी फिरवावे. फिरवताना ते आतल्या बाजूस दाबून धरावे. शेवटचा आटा सुटताच ते झटकन बाजूस घ्यावे, म्हणजे तेल मनगटावर ओघळत नाही. धार आधी लांब पडते व ओसरू लागली की जवळ येते. त्याप्रमाणे डबा सरकवावा. धार संपून थेंब थांबेपर्यंत धीर धरावा.

बुचावर करडा, मऊ साका आढळला, तर ती नेहमीची झीज समजावी. धातूचे कण किंवा तुकडे दिसले, तर यंत्र मिस्त्रीस दाखवावे. तेल पांढुरके निघाल्यास केवळ नवे तेल भरून भागत नाही. ऑइल सीलही बदलावे लागते.

नवे तेल भरताना

बूच पुसून, नवे वॉशर घालून घट्ट बसवावे. नव्या तेलाचा डबा तिरपा करताना त्याचे तोंड वरच्या कडेला राहील असा धरावा. त्यामुळे आत हवा जाते आणि तेल गचके न देता एकसारखे पडते. पातळी दाखविणाऱ्या खुणेपर्यंतच तेल भरावे. वरचे बूच लावून यंत्र थोडा वेळ चालवावे, बंद करून पातळी पुन्हा पाहावी आणि तळाशी पाझर नाही याची खात्री करावी.

सांडलेल्या तेलावर पाणी ओतू नये, त्याने ते अधिक पसरते. त्यावर तूस किंवा राख टाकून ती भरून घ्यावी. हात प्रथम कोंड्याने चोळून मग साबणाने धुवावेत.

जुने तेल कोठे जावे?

बांधावरील गवत मारण्यासाठी, वाळवीवर किंवा जनावरांच्या जखमेवर जुने तेल वापरण्याची सवय सोडली पाहिजे. वरच्या खाचरातील पाणी खालच्या खाचरात उतरते आणि खारेपाटात ते उघाडीतून खाडीत जाते. एकाने ओतलेले तेल शेजाऱ्याच्या रोपांपर्यंत आणि तळ्यातील माशांपर्यंत पोहोचते. पाण्यावर त्याचा तवंग धरला, की खाली हवा जात नाही. कायद्यानेही ही बाब गंभीर मानली आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते.

म्हणून जुने तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरावे, त्यावर ‘जुने तेल’ असे लिहावे व डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. यंत्रविक्रेता किंवा कार्यशाळा यांच्यामार्फत ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचवावे. तेल लागलेले तूस व चिंध्या चुलीत किंवा खतखड्ड्यात न टाकता वेगळ्या पिशवीत बांधून त्याच वाटेने द्याव्यात.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखात, शेतकरी यंत्रे बाहेर काढतात त्या वेळी, गावातील एखाद्या टिलरवर ही सर्व कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. सहकारी सोसायटीच्या आवारात जुन्या तेलासाठी एक झाकणाचे पिंप ठेवण्याची व्यवस्था करावी. चार घरांचे तेल एकत्र झाले, की ते नेण्यास वाहन मिळणे सोपे जाते. एका सकाळच्या या कामाने यंत्र चिखलणीत खात्रीने चालेल, आणि त्याचे तेल गावच्या पाण्यात उतरणार नाही.