उरलेल्या बातम्या कुठे गेल्या?

बंगळूरच्या विमानतळाशेजारी, देवनहळ्ळी तालुक्यात, १,७७७ एकर जमिनीचा वाद तीन वर्षांहून अधिक काळ धुमसत होता. चन्नरायपट्टण होबळीतल्या १३ गावांची ही जमीन एरोस्पेस पार्कसाठी घ्यायची, असं कर्नाटक सरकारने ठरवलं होतं. शेतकरी २०२२ पासून धरणं धरून बसले होते. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी भूसंपादन मागे घेतल्याचं जाहीर केलं. स्वखुशीने कुणी जमीन देणार असेल तर घेऊ, अशी पुस्तीही जोडली.

आता समजा, एखाद्या वृत्तपत्राने आपल्या संकेतस्थळावर एआय एजंट बसवला आणि वाचकाने त्याला विचारलं, ‘देवनहळ्ळीची जमीन सरकार घेणार का?’ जुन्या बातम्यांच्या साठ्यात ‘घेणार’ म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या बातम्या आहेत, ‘नाही घेणार’ म्हणणाऱ्या मोजक्या. यातलं काय एजंटच्या हाती लागेल, हे त्याच्या हुशारीपेक्षा शोधाच्या टूलसोबत लिहिलेल्या चार ओळींवर जास्त अवलंबून असतं.

बातम्या सांभाळणारी वर्डप्रेससारखी प्रणाली, म्हणजे सीएमएस, बाहेरच्या प्रोग्रॅमशी एपीआयमार्फत बोलते. वर्डप्रेसच्या गाभ्यात ही सोय डिसेंबर २०१६ मध्ये, ४.७ आवृत्तीत पूर्णपणे आली. तेव्हा समोर माणूस होता: प्रोग्रॅमर माहिती वाचायचा, उत्तर विचित्र वाटलं तर शेजारच्याला विचारायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मांडलेल्या ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये एजंटपुढे प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय काय पुरवायचं याचा साचा येतो. बहुतेक वेळा त्याला टूलबद्दल तेवढंच ठाऊक असतं.

इथेच गंमत होते. वर्डप्रेसचा एपीआय, काही न सांगता, एका वेळी १० नोंदी देतो. फार तर १०० मागता येतात. एकूण किती सापडल्या, हा आकडा उत्तराच्या मजकुरात नसतोच. तो उत्तरासोबत वेगळ्या येणाऱ्या ‘एक्स-डब्ल्यूपी-टोटल’ नावाच्या हेडरमध्ये असतो. टूल बनवणाऱ्याने फक्त मजकूर पुढे सरकवला, तर एजंट दहा बातम्या पाहतो आणि बेधडक सांगतो की या विषयावर दहाच बातम्या आहेत. खोटं बोलण्याचा त्याचा इरादा नसतो. उरलेल्यांचा पत्ताच त्याला कुणी दिलेला नसतो.

क्रमाचंही तसंच. वर्डप्रेस आपणहून नवी नोंद आधी देतो. विकिपीडियामागच्या मीडियाविकीचा शोध मात्र शब्दांशी जास्त जुळणारी आधी देतो. दोन्ही टूलं हाताशी असलेल्या एजंटला हा फरक कुणी सांगितला नाही, तर पहिली नोंद म्हणजे ताजी नोंद असं तो दोन्हीकडे धरून चालेल. देवनहळ्ळीच्या प्रश्नाला ते महागात पडू शकतं.

‘बातम्या शोधते’ एवढंच वर्णन मला कामचुकारपणाचं वाटतं. त्याऐवजी असं लिहावं: ‘प्रसिद्ध बातम्या शोधते. एका वेळी १०, नवी आधी. एकूण संख्या वेगळ्या रकान्यात मिळते. तारीख पहिल्या प्रसिद्धीची. नंतरची दुरुस्ती तिच्यात दिसत नाही. यादी रिकामी आली म्हणजे घटना घडलीच नाही, असं समजू नये.’

टॅगची कथा आणखी किचकट. वर्डप्रेसचा एपीआय टॅग नावाने घेत नाही, क्रमांकाने घेतो. एजंटने भोळेपणाने ‘देवनहळ्ळी’ लिहिलं की विनंती फेटाळली जाते. आधी टॅगच्या यादीत क्रमांक शोधा, मग बातम्या मागा, ही दोन पायऱ्यांची वाट वर्णनात हवी. त्यात जुलै २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने, देवनहळ्ळी ज्यात येतं त्या बंगळूर ग्रामीण जिल्ह्याला ‘बंगळूर उत्तर’ नाव द्यायचं ठरवलं. जुन्या बातम्या जुन्या टॅगखाली, नव्या नव्याखाली. दोन्ही शोधा, हे एजंटला कोण सांगणार?

चूक कळवणारा संदेश हादेखील या लेखनाचाच भाग मानायला हवा. २०० नोंदी मागितल्या तर वर्डप्रेस ‘संख्या १ ते १०० मध्ये हवी’ असं स्पष्ट कळवतो. एजंट तो वाचून पुढच्या खेपेला सुधारतो. मधल्या टूलने तो गिळून नुसतं ‘विनंती अयोग्य’ म्हटलं, तर तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत बसण्याची वेळ येते.

अर्थात पाल्हाळही परवडत नाही. प्रत्येक टूलचं वर्णन एजंटच्या मर्यादित संदर्भात जागा अडवतं, आणि एकसारखी दिसणारी चाळीस टूलं दिली की कोणतं उचलावं यातच तो गोंधळतो. थोडीच टूलं, पण नीट समजावलेली, हा मला बरा सौदा वाटतो.

वर्डप्रेसच्या डिसेंबर २०२५ मधल्या ६.९ आवृत्तीत ‘ॲबिलिटीज एपीआय’ आला. त्यात वर्णन दिल्याशिवाय कुठलीही क्षमता नोंदवताच येत नाही. रकाना सक्तीचा झाला, पण तो भरायचा कुणी? बहुधा प्रोग्रॅमरच, घाईघाईत. सुधारलेल्या बातमीवर आपल्याकडे जुनीच तारीख राहते किंवा एकाच गावाचे दोन टॅग चालू आहेत, हे मात्र डेस्कवरच्या उपसंपादकाला माहीत असतं, आणि त्याला सहसा कुणी विचारत नाही.