चिखलातले धन

जमीन काळी म्हणजे कसदार, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे परिसरात मातीचे नमुने घेत हिंडताना हा समज मला बांधाबांधावर भेटतो. "रान एवढं काळंभोर, अन् तुम्ही म्हणता कर्ब कमी?" एका काकांनी मला विचारलेच. पण मातीच्या रंगावरून तिच्यातला सेंद्रिय कर्ब ओळखता येत नाही. उन्हाने तापणाऱ्या, वरचेवर नांगरल्या जाणाऱ्या आमच्या रानांत जिवाणू पालापाचोळा भराभर फस्त करतात आणि त्यातला कर्ब वायुरूपाने हवेत निघून जातो.

कर्ब टिकतो तो पाण्याखाली. तिथे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून कुजणे मंदावते. मेलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचून 'पीट' तयार होते. पृथ्वीच्या भूभागापैकी जेमतेम ३ टक्के जागा अशा जमिनीची. पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून नसेल एवढा कर्ब तिने पोटात धरला आहे. इंडोनेशियात ही दलदलीची जंगले चर खणून वाळवली गेली. २०१५ साली ती पेटली तेव्हा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला.

पीट नव्हे, पण पाण्यात उभे असलेले एक रान आपल्याकडेही आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे येथे, रानटी जायफळाच्या कुळातली झाडे ओढ्याकाठच्या चिखलात उभी आहेत. श्वास घ्यायला त्यांची मुळे दुमडलेल्या गुडघ्यासारखी वर येतात. क्षेत्र अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास. राज्य शासनाने ते जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले आहे.

मग काकांचा दुसरा प्रश्न रास्तच होता : "आमची चिबड रानं पण ओलीच की! तिथं का साठत न्हाई?" नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांची पुस्तिका १९१० सालची, म्हणजे दुखणे जुने आहे. पाटाच्या पाण्याने भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. अशा जमिनीत पीकच धरत नाही. मुळे नाहीत, पाला नाही, तर साठणार काय? बांबर्ड्याला धो धो पाऊस क्षार धुऊन नेतो आणि झाडे वर्षभर पाला ढाळतात. नुसते पाणी पुरत नाही. मातीला खाऊ घालणारे कोणी लागते.

आमच्याकडे ते काम उसाचे पाचट करू शकते. तोडणीनंतर हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट मागे उरते आणि अनेकदा एका काडीत त्याची राख होते. हिशेब करून पाहू. एक हेक्टर रानात वरच्या ३० सेंटीमीटर थरात सुमारे ३,९०० टन माती असते. त्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, तर ३.९ टन कर्ब जमिनीत थांबला. हवेतला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड कमी झाला. हे एका हंगामात होत नाही, वर्षे लागतात. पण पाचट सरीत पसरले तर ओल त्याच वर्षी टिकते, तणही कमी उगवते.

बांबर्ड्याच्या राईतला चिखल हलवू नये आणि अंथुर्ण्याच्या खोडव्यात काडी ओढू नये, एवढेच आपल्या हाती आहे. काकांनी यंदा निम्म्या रानात पाचट ठेवायचे कबूल केले आहे. उरलेल्या निम्म्याचे, ते म्हणतात, "बघू, माती काय म्हणतीय."