सिएटलची स्टेडियमे आणि सरकारी तिजोरी

व्यावसायिक संघासाठी सार्वजनिक पैसा मागण्याची सिएटलमधील सुरुवात साध्या मतपेटीतून झाली. घुमटाच्या स्टेडियमसाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव 1960 आणि 1966 मध्ये किंग कौंटीत फसले. 1968 मध्ये मात्र मतदारांनी 4 कोटी डॉलरना मान्यता दिली. तरीही उशीर झालाच. 1969 मध्ये आलेला ‘पायलट्स’ हा बेसबॉल संघ एकाच हंगामानंतर मिलवॉकीला गेला आणि ‘किंगडोम’ हे घुमटाचे स्टेडियम उघडायला 1976 उजाडले.

संघ निघून जाईल ही भीती पुढच्या प्रत्येक मागणीमागे राहिली. सप्टेंबर 1995 मध्ये ‘मरीनर्स’ संघाच्या नव्या मैदानासाठी 0.1 टक्का वाढीव विक्रीकराचा प्रस्ताव हजारभर मतांनी पडला. नेमका त्याच वेळी संघ जिंकत सुटला आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्क यँकीजना हरवून पुढच्या फेरीत पोहोचला. मतदारांनी नाकारलेले काम मग राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात केले. हॉटेलातल्या जेवणावर आणि भाड्याच्या गाड्यांवर कर बसला. कायद्यात आणीबाणीचे कलम घातल्यामुळे त्यावर पुन्हा जनमत घेण्याची वाटही बंद झाली. बेसबॉलचे मैदान ही आणीबाणी कशी, हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1996 मध्ये निकाल विधिमंडळाच्या बाजूने लागला. मैदान 1999 मध्ये खुले झाले.

फुटबॉलच्या ‘सीहॉक्स’साठी, तो संघ विकत घेऊ इच्छिणाऱ्या पॉल अ‍ॅलन यांनी 1997 मध्ये थेट राज्यव्यापी मतदान मागितले, त्याचा खर्चही स्वतः उचलला आणि सुमारे 51 टक्के मतांनी जिंकले. नव्या स्टेडियमसाठी 26 मार्च 2000 रोजी किंगडोम सुरुंगाने पाडण्यात आला. त्याच्यावरचे कर्ज मात्र कौंटी 2015 पर्यंत फेडत राहिली.

पुढे मतदारांचा सूर बदलला. सार्वजनिक गुंतवणुकीवर सरकारी रोख्यांइतका तरी परतावा मिळालाच पाहिजे, ही अट नोव्हेंबर 2006 मध्ये सिएटलने मोठ्या बहुमताने घातली. रेंटन येथे सुमारे 50 कोटी डॉलरच्या नव्या वास्तूसाठी ‘सुपरसॉनिक्स’ या बास्केटबॉल संघाच्या मालकांनी मागितलेली मदत 2007 मध्ये विधिमंडळाने दिली नाही. 2008 मध्ये 4.5 कोटी डॉलर देऊन त्यांनी भाडेकरारातून सुटका करून घेतली आणि संघ ओक्लाहोमा सिटीला नेला. या वेळी धमकी पोकळ नव्हती.

सुपरसॉनिक्सचे जुने घर, ‘की अरीना’, शहराच्याच मालकीचे राहिले. त्याची फेरउभारणी खासगी पैशातून झाली आणि 2021 मध्ये तेथे आइस हॉकीचे सामने सुरू झाले. छप्पर मात्र 1962 च्या जागतिक प्रदर्शनाचेच आहे.