निकालाचा रकाना नसलेली वही

पहाटे 5. कडोदरा चार रस्त्यावरची ट्रकांची वर्दळ रात्रभर थांबलेली नसते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. भाचा झोपलेला असतो. मी चहा ठेवतो, पत्त्यांचा कॅट पिसतो आणि पोकरचा अभ्यास सुरू करतो. सातला मिलमध्ये हजेरी लागते, तोवरचा वेळ माझा.

सकाळी फक्त हातातल्या दोन पत्त्यांचा अभ्यास. 52 पत्त्यांतून दोन पत्ते 1,326 प्रकारे येतात. रंग कोणता ते सोडा, दोन्ही एकाच रंगाचे आहेत की नाहीत एवढंच पाहिलं, तर उरतात 169 हात. चौकटीच्या कागदावर 13 आडव्या आणि 13 उभ्या घरांत ते सगळे मावतात. तो कागद भिंतीवर चिकटवलेला आहे, पण त्याच्याकडे पाठ करून बसायचं. दोन पत्ते उचलायचे आणि मोठ्यानं बोलायचं: पहिली जागा, बदामाचा गुलाम, किल्वरची दश्शी, टाकून द्या. तेच पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर आले तर खेळायचे, कारण तिथं बसलेल्याला बाकीच्यांच्या चाली पाहून मग बोलता येतं. पत्ते तेच, जागा बदलली की उत्तर बदलतं. नवशिक्यानं आधी हे अंगवळणी पाडावं, ब्लफचा विचार मागाहून करावा, असं माझं ठाम मत आहे.

7 वाजता मिल. मी ग्रे खात्यात आहे. विणकरांकडून टेम्पोनं कच्चं कापड येतं. चलान पाहायचं, ताके मोजायचे, लॉट नंबर टाकायचा, मीटर कमी भरले तर पार्टीला कळवायचं. दुपारपर्यंत मान वर करायला फुरसत नसते.

तरी एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडते, ती सांगतो. पॉलिस्टर जेट मशीनमध्ये 130 अंशांच्या आसपास रंगतं. एखाद्या लॉटची शेड चुकली की आमचे डाईंग मास्तर कुणाच्या नावानं ओरडत नाहीत. ते कार्ड काढतात: रंग किती, तापमान किती, वेळ किती. कार्ड बरोबर असेल तर कृती तशीच ठेवतात आणि दोष कापडात किंवा पाण्यात शोधतात. पोकरचा अभ्यासही असाच करायचा असतो. फरक एवढाच की पोकरमध्ये कृती बरोबर असूनही लॉट बिघडतो, आणि तो वारंवार बिघडतो. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर सगळे पत्ते उघडेपर्यंत खेळली, तरी शंभरातून अठराएक वेळा हरते. त्या अठरा वेळांत घाबरून ज्यानं आपली पद्धत बदलली, त्याचा अभ्यास तिथंच संपला.

दुपारी 1. डबे उघडतात. श्रावणात सातम-आठमच्या सुमारास इकडे तीनपत्तीचे फड बसतात आणि धाडीही पडतात, त्यामुळे कुणीतरी विचारतंच, ‘‘भाऊ, तुमचं पोकर म्हणजे जुगारच ना?’’ मी सरळ उत्तर देतो. पैसे लावले तर गुजरातेत जुगारच. 1887 चा मुंबईचा जुगारबंदी कायदा इथं अजून चालतो आणि डिसेंबर 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं पोकर त्याच कायद्याखाली धरलं. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्यानं मात्र ब्रिज आणि रमीसोबत पोकरलाही जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. मोबाइलचं म्हणाल, तर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. पगाराच्या दिवशी फोनमध्ये मान घालून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. मला ही बंदी योग्य वाटते.

खेळ वाईट आहे असं मात्र मी कुणाला म्हणू देत नाही. जॉन फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांच्या 1944 च्या ग्रंथात खेळांचं गणित उभं राहिलं, त्यात पोकरवर आणि ब्लफवर स्वतंत्र विचार आहे. मारिया कोनिकोव्हा या मानसशास्त्र शिकलेल्या लेखिकेनं कोरी पाटी घेऊन एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूकडे शागिर्दी केली आणि 2018 मध्ये स्पर्धा जिंकली.

संध्याकाळी 7. भाचा डिप्लोमाचा वर्ग आटोपून येतो, शेजारचे अण्णा येतात. जेवण लवकर उरकतो. पैशांच्या जागी चिंचोके. तिघांत डाव बसतो.

कालचाच एक डाव. भाच्याकडे बदामाची नव्वी आणि अठ्ठी. खाली चार पत्ते उघडे: बदामाचा राजा, बदामाची तिर्री, इस्पिकची राणी, चौकटची पंजी. पॉटमध्ये 100 चिंचोके, अण्णांनी आणखी 50 लावले.

‘‘मामा, एक बदाम आला की जिंकलो!’’

‘‘किती बदाम शिल्लक?’’

‘‘नऊ. न पाहिलेले पत्ते 46.’’

‘‘मग?’’

त्यानं बोटांवर हिशेब केला. 46 पैकी 9, म्हणजे शेकडा साडेएकोणीस. 50 घालून एकूण 200 च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे शेकडा 25 तरी संधी हवी. अण्णांनी 25 च लावले असते, तर 150 च्या पॉटसाठी 25, म्हणजे शेकडा 17 पुरले असते आणि खेळणं बरोबर ठरलं असतं. बदाम लागल्यावर अण्णा आणखी मोठी रक्कम देतील अशी खात्री असती तर गोष्ट वेगळी, पण अण्णा हात राखून खेळणारे. भाच्यानं पत्ते टाकले. पुढचा पत्ता बदामाची चौकी निघाली. त्याचा चेहरा उतरला. मी पाठ थोपटली.

रात्री 9. वही. रकाने पाच: पत्ते, जागा, पॉट, निर्णय, कारण. निकालाचा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. तो असला की नजर आधी तिथंच जाते आणि जिंकलेला चुकीचा डाव शहाणपणाचा वाटू लागतो. कारणाचा रकाना रिकामा राहिला, तर त्या डावावर लाल खूण पडते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच डाव पुन्हा मांडला जातो. भाच्याच्या त्या डावापुढं कारण लिहिलंय: हवे 25, होते साडेएकोणीस.

10 ला दिवा बंद.

तिघांत खेळताना जागांचा अभ्यास नीट होत नाही, त्यासाठी टेबलाभोवती पाच-सहा माणसं लागतात. कडोदऱ्यात, चलथाणला किंवा पलसाण्याकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना सांगणं आहे: रविवारी दुपारी मोकळे असाल तर या. वही-पेन आणा, पाकीट घरी ठेवा. चिंचोके आमच्याकडे भरपूर आहेत.