फेरफार नोंदवही आणि सातबारा : वेब फ्रेमवर्कमध्ये नोंद अन्य टेबलमध्ये जतन करण्याचा प्रश्न

प्रास्ताविक

खातेदार मयत झाल्यावर त्याच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर थेट लिहिली जात नाहीत. वारसांचा अर्ज प्रथम गाव नमुना ६-क या वारस प्रकरणांच्या नोंदवहीत येतो. वारस निश्चित झाल्यावर गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, चावडीवर तिची प्रत लागते आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकत आल्यास प्रकरण ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच तिचा अंमल गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेखात दिला जातो. एकाच घटनेची माहिती अशा रीतीने तीन, प्रसंगी चार नोंदवह्यांतून प्रवास करते.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी ग्रामपंचायत, पतसंस्था, प्रवेशप्रक्रिया किंवा भूमी अभिलेख हे विषय वारंवार निवडतात. अशा प्रकल्पांत 'ही नोंद या टेबलऐवजी त्या टेबलमध्ये कशी जतन करावी' हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. त्याचे तांत्रिक उत्तर एका ओळीचे असल्यामुळे चर्चा तेथेच थांबते. वस्तुतः ते दुसरे टेबल कशासाठी आहे, हे ठरल्याशिवाय ती ओळ लिहिणे धोक्याचे असते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न गाव नमुन्यांच्या आधारे उलगडला आहे. शासनाच्या ई-फेरफार प्रणालीची अंतर्गत रचना हा लेखाचा विषय नाही. कागदी नोंदवह्यांची शिस्त वेब फ्रेमवर्कमध्ये कशी उतरवावी, एवढीच त्याची मर्यादा आहे.

नावाचा संकेत आणि त्याचा अपवाद

रूबी ऑन रेल्स (२००४), जँगो व केकपीएचपी (२००५) आणि पुढे लाराव्हेल (२०११) या फ्रेमवर्कनी एक सोय रूढ केली. प्रोग्रामरने मॉडेलला नाव द्यावे, टेबलचे नाव फ्रेमवर्क स्वतः ठरवील. रेल्स व लाराव्हेल मॉडेलच्या नावाचे इंग्रजी अनेकवचन करतात, तर जँगो ॲप आणि मॉडेल यांची नावे अधोरेषेने जोडतो. मराठी शब्द रोमन लिपीत वापरले की या सोयीची गंमत होते. रेल्सच्या हिशेबाने 'खातेदार'चे 'खातेदार्स' होते, 'पीक'चे 'पीक्स' होते आणि 'वारस' मात्र शेवटी 'एस' हे अक्षर असल्यामुळे एकवचनातच राहतो. विद्यार्थ्याने डेटाबेसमध्ये 'खातेदार' या नावाने टेबल तयार केलेले असते, फ्रेमवर्क 'खातेदार्स' शोधते, आणि टेबल सापडत नसल्याची सूचना पडद्यावर येते.

येथे उपाय सरळ आहे. रेल्समध्ये वर्गाच्या आत 'टेबल_नेम', जँगोमध्ये 'मेटा' वर्गातील 'डीबी_टेबल', लाराव्हेलमध्ये 'टेबल' हा गुणधर्म, आणि केकपीएचपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत 'यूजटेबल' यांना हवे ते नाव दिले की काम होते. जुने टेबल दुसऱ्या प्रणालीच्या मालकीचे असल्यास जँगोमध्ये 'मॅनेज्ड' हा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे फ्रेमवर्क त्या टेबलची रचना बदलण्याच्या भानगडीत पडत नाही.

नाव वेगळे आणि आशय तोच, अशी उदाहरणे मराठवाड्याच्या वाचकाला नवीन नाहीत. हैदराबाद संस्थानातील पहाणी पत्रकाचे काम महाराष्ट्रात सातबारा करतो. देगलूर किंवा उदगीरच्या सीमेपलीकडे तेलंगणात व कर्नाटकात मात्र 'पहाणी' हा शब्द लोकांच्या तोंडी टिकून राहिला. एकाच मॉडेलला जुन्या नावाचे टेबल जोडून देणे, हा अन्य टेबलच्या प्रश्नाचा सर्वांत निरुपद्रवी प्रकार होय.

जिल्ह्यागणिक टेबल : एक मोह

दुसरा प्रकार इतका निरुपद्रवी नाही. नोंदी फार वाढतील या भीतीने विद्यार्थी 'नांदेड_खातेदार' आणि 'लातूर_खातेदार' अशी स्वतंत्र टेबले करतात आणि वापरकर्त्याने निवडलेल्या जिल्ह्यानुसार प्रोग्राम चालू असतानाच मॉडेलचे टेबल बदलतात. यात एक तांत्रिक दोष आहे आणि एक त्याहून मोठा, आशयाचा.

तांत्रिक दोष असा. रेल्समध्ये टेबलचे नाव हा संपूर्ण वर्गाचा गुणधर्म असतो. सर्व्हरची एकच प्रक्रिया अनेक विनंत्या हाताळत असते. एका विनंतीने वर्गाचे टेबल 'लातूर'कडे वळवले आणि त्याच क्षणी दुसरी विनंती नांदेडची नोंद जतन करू लागली, तर ती नोंद लातूरच्या टेबलमध्ये जाते. कोठेही त्रुटीची सूचना येत नाही. प्रयोगशाळेत एकच विद्यार्थी प्रणाली चालवून पाहत असल्यामुळे हा दोष परीक्षकासमोर कधीच दिसत नाही. पीएचपीच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीने सुरू होते, म्हणून तेथे धोका कमी आहे. तथापि पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या कामांत तो पुन्हा डोके वर काढतो. लाराव्हेलमध्ये 'सेटटेबल' एका वस्तूपुरते लागू होते, त्यामुळे ते तुलनेने सुरक्षित आहे.

आशयाचा दोष समजण्यास उदगीरचे उदाहरण पुरेसे आहे. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके हैदराबाद राज्यात बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यास जोडले गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर ते लातूरमध्ये आले. जमीन जागची हलली नाही, पण तिचा जिल्हा दोनदा आणि राज्य दोनदा बदलले, कारण १९६० मध्ये मुंबई राज्याचेही महाराष्ट्र झाले. जिल्ह्याचे नाव टेबलच्या नावात कोरले असते, तर प्रत्येक बदलाच्या वेळी लाखो नोंदी एका टेबलमधून दुसऱ्यात हलवाव्या लागल्या असत्या, आणि जुन्या फेरफारांचे संदर्भ तुटले असते. जिल्हा हा नोंदीचा एक रकाना आहे. तो कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत लागू होता, हेही रकान्यातच लिहिता येते. विद्यापीठ आणि महाविद्यालय यांनाही हाच न्याय लागू आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले, तेव्हा नांदेड व लातूरची महाविद्यालये औरंगाबादच्या विद्यापीठाकडून त्याच्याकडे आली. महाविद्यालये मात्र तीच होती.

अवस्था बदलते तेव्हा

खरा विचार करावा लागतो तो तिसऱ्या प्रकारात. नमुना ६ आणि नमुना ७ ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद आणि फेरफार नोंदवहीतील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवीन नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. अप्रमाणित नोंदीला हे संरक्षण नाही. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात तलाठी प्रलंबित फेरफाराची नोंद नमुना ७ वर पेन्सिलीने घेत असत आणि प्रमाणीकरणानंतर तिला शाईचे रूप येई. आजच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' आणि 'शेवटचा फेरफार क्रमांक' यांसाठी स्वतंत्र जागा आहे. पेन्सिल गेली, भेद राहिला.

मग एकच टेबल ठेवून 'अवस्था' नावाचा रकाना का जोडू नये? अनेकदा तेच योग्य असते. प्रवेश अर्जाच्या बाबतीत 'प्राप्त', 'पात्र', 'प्रवेशित' या अवस्था एका रकान्यात सुखाने मावतात. दोन टेबले करावीत ती दोन्हींचे लेखनाधिकार वेगळे असतील तेव्हा. फेरफार धरणारा तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) आणि तो प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी हे भिन्न आहेत. टेबले वेगळी असल्यास 'ग्रँट' आदेशाद्वारे डेटाबेस स्वतःच हा भेद पाळू शकतो. एका टेबलमध्ये मात्र तो भेद प्रोग्राममधील एका अटीवर अवलंबून राहतो, आणि ती अट लिहिण्यास कोणी विसरले तर पेन्सिलीची नोंद शाईची म्हणून वाचली जाते.

दोन टेबले ठरल्यावर नमुना ६ मधील रकाने जसेच्या तसे उचलून नमुना ७ मध्ये ओतणे हा सोपा मार्ग दिसतो. तो टाळावा. मूळ नोंदीचा आंतरिक क्रमांक आणि निर्मितीचा दिनांकही त्यासोबत जातात, आणि पुढे एका टेबलमध्ये नवा रकाना जोडला की दुसऱ्याशी जुळणी बिघडते. कोणता रकाना कोठे जातो हे नावानिशी लिहावे, आणि नमुना ७ च्या प्रत्येक ओळीत फेरफार क्रमांक हा संदर्भ अनिवार्य ठेवावा. कागदी सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला आकडा हेच काम करीत आला आहे.

दोन्ही किंवा एकही नाही

सर्वाधिक नुकसान जतन करण्याच्या क्षणी होते. सोयाबीनसाठी पीक कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. बँकेचा बोजा फेरफाराने सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात येतो आणि कर्ज फिटल्यावर तो फेरफारानेच कमी होतो. बोजा कमी करण्याचा फेरफार प्रमाणित झाला, परंतु नमुना ७ मध्ये लिहिताना वीज गेली, तर नोंदवही म्हणते कर्ज फिटले आणि सातबारा म्हणतो फिटले नाही. पेरणीच्या तोंडावर दुसरी बँक सातबाराच पाहते. उलट प्रसंगी, बोजा चढलाच नाही, तर त्याच जमिनीवर दुसरे कर्ज मंजूर होऊ शकते.

म्हणून दोन्ही लेखने एका ट्रान्झॅक्शनमध्ये असली पाहिजेत. त्यात एक अयशस्वी झाल्यास दुसरेही मागे घेतले जाते. फ्रेमवर्कमध्ये 'जतन झाल्यानंतर' आपोआप चालणारा कोड लिहिण्याची सोय असते आणि दुसऱ्या टेबलमधील लेखन विद्यार्थी तेथेच ठेवतात. येथे फ्रेमवर्कांचे वर्तन भिन्न आहे. रेल्समधील 'आफ्टर_सेव्ह' मूळ ट्रान्झॅक्शनच्या आत चालते, त्यामुळे त्यात त्रुटी आल्यास पहिली नोंदही रद्द होते. जँगोमधील 'पोस्ट_सेव्ह' तसे नाही. 'ॲटॉमिक' या आवरणाचा वापर केलेला नसेल, तर ते चालू होईपर्यंत पहिली नोंद कायम झालेली असते. सारखी दिसणारी ही दोन नावे सारखी समजणे महागात पडते. प्रमाणीकरणासारखी क्रिया आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये दडवण्याऐवजी 'फेरफार प्रमाणित कर' अशा स्पष्ट नावाच्या कार्यात, उघड ट्रान्झॅक्शनसह लिहिणे अधिक बरे. पुढच्या वर्षी तोच प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते वाचता येते.

आणखी एक जुनी अडचण महाविद्यालयीन सर्व्हरवर अद्याप भेटू शकते. मायएसक्यूएलमध्ये ५.५ ही आवृत्ती (२०१०) येईपर्यंत टेबलचा पूर्वनिर्धारित प्रकार 'मायआयसॅम' होता आणि तो ट्रान्झॅक्शन जाणत नाही. आदेश स्वीकारले जातात, परंतु 'रोलबॅक' केल्यावर लिहिलेले तसेच राहते. जुन्या बॅकअपवरून आणलेल्या टेबलांचा प्रकार म्हणूनच प्रथम तपासावा आणि गरजेनुसार 'इनोडीबी'मध्ये बदलावा.

दुसरे टेबल दुसऱ्याच डेटाबेसमध्ये असेल तर नेहमीचे ट्रान्झॅक्शन पुरत नाही, कारण ते एकाच जोडणीपुरते मर्यादित असते. संहितेच्या कलम १५४ नुसार नोंदणी अधिकाऱ्याने हस्तांतरणाच्या दस्तांची सूचना महसूल यंत्रणेस द्यावयाची असते. दोन विभाग, दोन दप्तरे, मध्ये टपाल, अशी ही रचना आहे आणि संगणकातही तिचेच अनुकरण करावे लागते. दस्त जतन करतानाच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, 'पाठवावयाच्या सूचना' या स्थानिक टेबलमध्ये एक ओळ लिहावी. वेगळी प्रक्रिया ती ओळ दुसऱ्या डेटाबेसकडे नेईल, पोच आल्यावर खूण करील, पोच न आल्यास पुन्हा पाठवील. सूचना दोनदा पोहोचण्याची शक्यता यात गृहीत आहे. म्हणून स्वीकारणाऱ्या टेबलमध्ये दुय्यम निबंधक कार्यालय, वर्ष आणि दस्त क्रमांक यांच्या जोडीवर अनन्यतेची अट हवी, अन्यथा एका खरेदीखताचे दोन फेरफार होतील.

चूक आणि कंस

प्रमाणित फेरफाराचा अंमल देताना तलाठी जुन्या खातेदाराचे नाव खोडून काढीत नाही. त्याला कंस करतो. नाव वाचता येते, ते कोणत्या फेरफाराने गेले हेही कळते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मात्र 'अपडेट' हा एकच आदेश जुने नाव कायमचे पुसून टाकतो. नमुना ७ च्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीस 'कोणत्या फेरफाराने आली' आणि 'कोणत्या फेरफाराने कंस झाला' असे दोन रकाने ठेवल्यास कोणत्याही दिवसाचा सातबारा पुन्हा उभा करता येतो. वारसांत वाद निर्माण झाल्यावर न्यायालयात नेमका तोच मागितला जातो.

लेखनप्रमाद आढळल्यास संहितेत कलम १५५ ची तरतूद आहे. दुरुस्ती आदेशाने होते आणि त्या आदेशाचाही फेरफार नोंदला जातो. प्रणालीतही दुरुस्तीसाठी वेगळी चोरवाट असू नये. नमुना ७ च्या मॉडेलने फेरफार क्रमांकाविना आलेली प्रत्येक जतनाची विनंती नाकारावी, मग ती प्रशासकाच्या खात्यातून आलेली का असेना. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने प्रशासक म्हणून प्रवेश करून एखाद्या खातेदाराचे नाव थेट बदलून पाहावे. बदल जतन झाला, तर दोन टेबले कागदावरच राहिली आहेत.